ओतणाऱ्याचा हात

२०२५ सालच्या मार्च महिन्यात आम्हांस हैदराबादेस जाण्याचा योग आला. आमची धाकटी बहीण वैधव्य आल्यानंतर काही वर्षांनी वसई सोडून आपल्या मुलाजवळ तेथील मलकपेठेत राहावयास गेली. तिला भेटून बरेच दिवस झाले होते. भस्म बुधवार होऊन आठवडा लोटला होता, म्हणजे आपला प्रायश्चित्तकाळ चालू होता. आणि त्या वर्षी मुसलमान बांधवांचा रमजानही त्याच महिन्यात आला होता. आमची आगगाडी नामपल्लीस पोहोचली. तेथून मेट्रो गाडीत बसलो आणि मुशी नदी ओलांडून मलकपेठेस उतरलो.

मलकपेठ ही जुनी वस्ती आहे. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाचा मलिक याकूब नावाचा एक सेवक होता, त्याच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. सहाव्या निजामाने १८८६ साली घोड्यांच्या शर्यती येथे आणल्या. तो शर्यतीचा माळ आजही तेथे आहे. जवळच मूसारामबागेच्या टेकडीवर रेमों नावाच्या फ्रेंच सेनानीची कबर आहे. तो निजामाच्या चाकरीत होता आणि १७९८ साली वारला. लोकांचा तो इतका लाडका की हिंदूंनी त्यास मूसा राम केले व मुसलमानांनी मूसा रहीम. परक्या माणसास आपलेसे करण्याची या वस्तीची सवय अशी जुनी आहे, आणि ती तेथील खाण्यापिण्याच्या दुकानांतही दिसते.

आमचा भाचा एका कंपनीत यंत्रांच्या कामावर आहे. कंपनीने त्यास मध्यंतरी दोन वर्षे जपानात टोकियो शहरी पाठविले होते. गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून लवकर आला आणि म्हणाला, "मामा, टोकियोत परदेशी पाहुण्यांना संध्याकाळी खाण्यापिण्याची फेरी घडवतात. एक वाटाड्या पुढे चालतो, आठ-दहा पाहुणे त्याच्या मागून. तीन तासांत तीन-चार दुकाने पाहायची, प्रत्येक ठिकाणी थोडे खायचे, थोडे प्यायचे. कंपनीच्या पाहुण्यांबरोबर मीही एकदा गेलो होतो. आज तुम्हांला मलकपेठेची तशी फेरी घडवतो." बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, फार उशीर करू नका. जेवायला मी थांबते."

मगरिबची बांग होऊन रोजा सुटला होता आणि रस्ते माणसांनी फुलले होते. पहिला मुक्काम एका इराणी चहाच्या दुकानात झाला. या चहाची रीत अशी की चहाचा अर्क एका भांड्यात झाकून मंद आचेवर मुरवतात, दूध वेगळे आटवतात, आणि दोन्ही पेल्यातच एकत्र येतात. दूध अधिक हवे असेल तर 'पौना' मागावा. सोबत उस्मानिया बिस्कीट येते. सातव्या निजामाचे, मीर उस्मान अली खानांचे नाव त्यास मिळालेले आहे. ते किंचित खारट व किंचित गोड लागते. आमच्या मेजावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ओळख ना पाळख, तरी त्यांनी आपल्या बशीतले एक बिस्कीट आमच्यापुढे सरकवले.

चहा घेता घेता भाच्याने जपानी दुकानांची माहिती सांगितली. तेथील पिण्याच्या दुकानास इझाकाया म्हणतात. मद्य विकणाऱ्या दुकानातच बसून पिण्याची सोय झाली, त्यावरून हे नाव पडले. दारावर लाल कागदी कंदील टांगलेला असतो व कापडी पडदा सोडलेला असतो. आत जाऊन बसले की प्रथम हात पुसण्यासाठी गरम ओला रुमाल मिळतो. मग न मागताच एक लहानशी वाटी येते आणि तिचे पैसे बसण्याच्या भाड्यासारखे बिलात लागतात. भाजलेल्या कोंबडीच्या काड्या, मीठ लावलेल्या उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, मासे, असे थोडे थोडे मागवून सर्वांनी मिळून खायचे. तांदूळ वाफवून त्यावर एक प्रकारची बुरशी वाढवतात व त्यापासून साके काढतात. त्यात शंभरास सुमारे पंधरा भाग मद्यार्क असतो. वीस वर्षांखालील मुलास कायद्याने मद्य मिळत नाही.

वाचकहो, जपान हा देश आपणांस तसा परका नाही. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात तिकडे गेले, जपानी भाषा शिकले, पुढे व्यापारात पैसा मिळवला, आणि तो सोडून फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले, आणि त्या गोष्टीस शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ साली, त्या टेकडीवर सव्वीसही हुतात्म्यांच्या ब्राँझच्या मूर्तींचे स्मारक उभे राहिले. आपल्या मराठी मुलखात १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हेही पुढे पुण्याचे बिशप झाले व तेथून १९२१ साली हिरोशिमास गेले. भाचा सुट्टी काढून नागासाकीस जाऊन आला होता. "मामा, त्या रांगेत आपल्या गावचा माणूस उभा आहे, हे पाहून मला तेथे एकटे वाटले नाही," असे तो म्हणाला.

दुसरा मुक्काम हलीमच्या भट्टीपाशी होता. विटांच्या भट्टीत मोठी देग बसवलेली असते. गहू, डाळी व मांस तासन्‌तास शिजवून लाकडी घोटण्याने इतके घोटतात की कशात काय आहे हे ओळखू येऊ नये. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. शुक्रवार नसल्यामुळे आम्ही निःशंकपणे एक वाटी घेतली. वर तळलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेली माणसे शेजारी उभी राहून खात होती, आणि कोणी घाई करीत नव्हते. आम्ही त्या चाळीस दिवसांपुरती दारू सोडली होती व त्याचा मनातून थोडा अभिमानही वाटत होता. तेथे उभे असताना तो अभिमान आपोआप ओसरला.

"जपानात एक रीत मला प्रथम फार आवडली आणि मग तिचीच भीती वाटू लागली," भाचा म्हणाला. "तिथे आपला पेला आपण भरायचा नाही. शेजाऱ्याने आपला भरायचा, आपण शेजाऱ्याचा. बाटली दोन्ही हातांनी धरून ओततात आणि घेणारा पेला उचलून पुढे करतो. कोणाचा पेला रिकामा दिसला की शेजारी लगेच भरतो. ज्याला आणखी नको असेल त्याने एवढेच करायचे, की पेला भरलेलाच ठेवायचा. भरलेल्या पेल्यात कोणी ओतत नाही."

"मग तू काय करीत होतास?" आम्ही विचारले.

"ऊलाँग नावाचा चहा मागवायचो. सगळे पेले उंचावायचे, मीही माझा उंचवायचो. दोन वर्षे माझा पेला भरलेलाच राहिला."

आम्हांस ही रीत फार गोड वाटली. आपल्याकडेही असेच नाही का? पाहुण्याचा पेला रिकामा दिसता कामा नये, ही आपल्या घरांची जुनी शिकवण. लग्न असो, बाप्तिस्मा असो, सणाचे जेवण असो. यजमान हाती बाटली घेऊन पंक्तीतून फिरतो, आणि नको म्हणणाऱ्यास आग्रह करतो. आम्ही तसे बोलूनही दाखविले. भाचा काही बोलला नाही.

तिसऱ्या मुक्कामी आम्ही एका गाड्यावर चिंच-मसाला भरलेली मिरचीची भजी घेतली, आणि तेथून चालताना एका आवाराच्या फाटकाशी आलो. तेलंगणात ताडीच्या गुत्त्यास कंपाऊंड असेच म्हणतात. ताडीस तेलुगूत कल्लू म्हणतात. आणि खजुरीच्या जातीच्या ज्या झाडास आपण शिंदी म्हणतो, त्याच्या ताडीस येथील उर्दूत सेंधी म्हणतात. शब्द आपलाच, झाडही आपलेच. वसईस आम्ही पहाटेची गोड नीरा पिऊन वाढलो. ऊन चढू लागले की ती फसफसते, आणि संध्याकाळपर्यंत आंबून चढणारी ताडी होते. हैदराबाद शहरातील ही कंपाऊंडे २००४ साली सरकारने बंद केली होती. तेलंगण राज्य झाल्यावर २०१४ साली ती पुन्हा उघडली. फाटकातून आत उकडलेल्या हरभऱ्यांच्या पुड्या व बाटल्या दिसत होत्या. आम्ही म्हणालो, "चल, आत एक चक्कर मारू. आम्ही पिणार नाही, नुसते पाहू."

भाचा फाटकाशी थांबला. "मामा, येथून आत मी येणार नाही. तुम्ही जाऊन या, मी येथे उभा राहतो."

आम्ही आत डोकावलो. दिव्याच्या उजेडात कामावरून थेट आलेले मजूर बसले होते. काही बायकाही होत्या. फार बोलणे नव्हते. कोपऱ्यात एक पन्नाशीचा माणूस भिंतीस टेकून एकटाच बसला होता. त्याच्यापुढे बाटली होती, खाण्याचे काही नव्हते, आणि शेजारी कोणी नव्हते. आम्ही परत फिरलो.

रस्त्यावर आल्यावर भाच्याने सांगितले की झाडाची खरी ताडी शहरास पुरत नाही. म्हणून काही ठिकाणी पाण्यात झोपेच्या व गुंगीच्या औषधांची भेसळ करतात. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही ती औषधे. पिणाऱ्यास ताडीची नव्हे, या औषधांची सवय जडते. २०२० सालच्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली, तेव्हा एर्रागड्ड्याच्या मानसोपचार रुग्णालयात दारू व ताडी तुटलेल्या माणसांची रीघ लागली होती. आम्ही ऐकत होतो. मग तो थांबला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, "मामा, बाबांना तो पेला तुम्ही दिला होता. मी तेथेच उभा होतो."

येथे वाचकांस मागची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमचे मेहुणे, म्हणजे या भाच्याचे वडील, केळीच्या बागेत राबणारे, हसतमुख व कष्टाळू गृहस्थ होते. दारूने त्यांस पोखरले. पुढे त्यांनी पवित्र मरिया मातेच्या तसबिरीपुढे शपथ घेतली आणि अकरा महिने थेंबाला शिवले नाहीत. बहिणीच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. अशात आमच्या धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. मांडवात आम्ही बाटली घेऊन फिरत होतो. मेहुण्यांपाशी आलो, त्यांनी पेल्यावर हात ठेवला. आम्ही हसत तो हात बाजूस केला आणि म्हणालो, "आजच्या दिवशी एकच. आमच्यासाठी." त्यांनी घेतला. त्या रात्रीनंतर त्यांची शपथ पुन्हा उभी राहिली नाही. चार वर्षांनी यकृताच्या विकाराने ते वारले. भाचा त्या मांडवात बारा वर्षांचा होता. हाती पुलावाची थाळी घेऊन तो वडिलांच्या खुर्चीमागे उभा असल्याचे आम्हांस त्या क्षणी आठवले. इतक्या वर्षांत ते एकदाही आठवले नव्हते.

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. भाचा म्हणाला, "माझा राग नाही, मामा. तुम्ही प्रेमानेच दिला. पण टोकियोत कोणी दोन्ही हातांनी बाटली धरून माझ्याकडे वळले की मला तुमचा हात दिसायचा."

घराकडे चालताना त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. जपानात दारू पिऊन गाडी चालविणाऱ्यास कडक शिक्षा आहेच. परंतु २००७ साली कायदा बदलून, त्याला गाडी चालवायची आहे हे ठाऊक असून दारू देणाऱ्यास, गाडी देणाऱ्यास आणि तो प्यायला आहे हे जाणूनही त्याच्या गाडीत बसणाऱ्यासही शिक्षा ठेवली. दुसरी गोष्ट व्यसन सोडलेल्यांच्या संघाची. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मंडळींच्या सभा आपल्या मुंबईतही कितीतरी चर्चच्या आवारांत भरतात. जपानातही तशी एक चळवळ आहे. तिचे नाव दानशुकाई, आणि तिचा देशव्यापी महासंघ १९६३ साली स्थापन झाला. तिचे वैशिष्ट्य हे की माणूस तेथे आपले नाव सांगतो, लपवीत नाही, आणि सभेस त्याची बायको व घरची माणसेही शेजारी येऊन बसतात. घर एकट्या माणसामुळे बुडत नाही आणि एकट्या माणसाने सावरत नाही, असे ते मानतात. "आई-बाबांना असे कोणी शेजारी बसवले असते तर," एवढेच बोलून भाचा गप्प झाला.

घरी बहीण ताटे मांडून बसली होती. आम्ही तिच्यापाशी त्या दिवसाची गोष्ट काढली. ती आमटी वाढीत होती. पळी हातातच राहिली. म्हणाली, "तुम्ही दिला नसता तर दुसऱ्या कोणी दिला असता, असे मी कितीतरी वर्षे मनाला सांगत आले, दादा. पण दिला तुम्हीच. आणि मी बघत होते, मीही उठून पेला काढून घेतला नाही. चार माणसांत कसे दिसेल, असे वाटले." मग तिने आमच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेवून घ्या. निवेल."

पास्खापूर्वी आम्ही गावी येऊन प्रायश्चित्त संस्कार घेतला. धर्मगुरूंनी ऐकून घेतले व म्हणाले, "ज्या घरी ओतले त्या घरी जाऊन या." आम्ही सांगितले की आम्ही तेथूनच आलो. "मग आता ज्या घरी ओताल त्या घरी पाहून ओता," असे ते म्हणाले. जुलै महिन्यात वर्तमानपत्रांत हैदराबादच्या कूकटपल्ली भागातील बातमी आली: भेसळीच्या ताडीने कित्येक गरीब माणसांचा जीव गेला. आम्हांस कोपऱ्यात एकट्या बसलेल्या त्या माणसाची आठवण झाली. तो कूकटपल्लीचा नव्हता. पण तसाच कोणी असणार.

वाचकहो, द्राक्षारस हा पाप नव्हे. तो आपल्या वेदीवर असतो, आणि प्रभू येशूने आपला पहिला चमत्कार काना गावच्या लग्नात केला. परंतु त्या कथेत प्रथम कोणाची दृष्टी पोहोचली ते पाहावे. मरिया मातेने दुसऱ्याच्या पंक्तीकडे पाहिले आणि तेथे काय उणे आहे ते ओळखले. उणीव ओळखल्यावरच रांजण भरले गेले. आम्ही मेहुण्यांच्या पेल्याकडे पाहिले, मेहुण्यांकडे पाहिले नाही. त्यांच्या घरी अकरा महिन्यांची शांती होती. तेथे उणे काहीच नव्हते. आम्ही भरले ते आमच्या यजमानपणाची हौस भागविण्यासाठी.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या घरी पुतणीचे लग्न झाले. भाचा व बहीण मलकपेठेहून आली. पाहुण्यांत आमच्या नात्यातला एक तरुण होता. त्याने दारू सोडून जेमतेम तीन महिने झाले होते, आणि तो मांडवात यावे की न यावे अशा विचाराने दाराशी घुटमळत होता. आम्ही त्यास हाती धरून आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसविले. भाचा त्याच्या दुसऱ्या बाजूस येऊन बसला. नवरानवरीस शुभेच्छा देण्याची वेळ झाली तेव्हा आम्ही त्याच्या पेल्यात लिंबाचे सरबत ओतले, अगदी काठोकाठ, दोन्ही हातांनी. बाटली घेऊन फिरणारी मंडळी आली, भरलेला पेला पाहिला आणि पुढे गेली.

संध्याकाळभर तो पेला थोडा उणा झाला की भाचा भरी, नाहीतर आम्ही भरू. मंडळी उठली तेव्हा तो तरुण आपल्या पायांनी चालत, लहान मुलीस खांद्यावर घेऊन, बायकोबरोबर घरी गेला. बहीण दाराशी उभी राहून ती तिघे वळणाआड होईपर्यंत पाहत होती.